तळघर नको, कोठी द्या

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये निम्म्याहून जास्त नवीन घराच्या नकाशाचे आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातल्या तिघांनी तळघराचा विषय काढलाय. मग म्हटलं हा अंक त्यावरच घालवू. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट कुठला घ्यावा वगैरे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मिरजेपासून आठ-नऊ किलोमीटरवर राहतो, एनए प्लॉट घेतलाय ४० बाय ६०, रस्ता पश्चिमेला, ४० फुटांची बाजू रस्त्याकडे. जमीन काळी, बोअर मारणाऱ्याने सांगितलं सहा-सात फुटांनंतर मुरूम लागेल. घरात सहा माणसं, मी, मिसेस, दोन मुलं (एक दहावीला, एक सहावीला), आई आणि बाबा. बाबांचे गुडघे गेलेत. शेती थोडी आहे म्हणजे ज्वारी-गहू मिळून दहा क्विंटल तरी घरात असतं, शिवाय लग्नातली भांडी, गणपतीची आरास, गाद्या, जुन्या सायकली, सगळं आहे. ठेकेदार म्हणतो हॉलखाली १२ बाय १४ चं तळघर काढून देतो, एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबात) धरत नाहीत, सगळी अडगळ खाली जाईल आणि वर घर मोकळं राहील. माझा चुलत भाऊ न्यू जर्सीत आहे, त्याच्या बेसमेंटमध्ये टेबल टेनिसपासून सगळं आहे ते बघून मलाही वाटतं करावं. मिसेस ठाम नाही म्हणते. तळघर नाही केलं तर मग खालचा मजला कसा मांडायचा की सामानही मावेल आणि बाबांना जिना चढावा लागणार नाही?

उत्तर : मिसेसचं ऐका. एवढं लिहून थांबले तरी चालेल पण तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंय तर मीही लिहिते.

आधी न्यू जर्सीचा विषय संपवू. तिकडे थंडीत जमीन गोठते, गोठलेली माती फुगते आणि वरचा पाया उचलते, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, न्यू जर्सीत तो अडीच-तीन फूट तरी जातोच. घराच्या चारी बाजूंनी सलग चर खणून सलग भिंत घालायचीच आहे तर आणखी पाच फूट खणलं की खाली अख्खा मजला मिळतो. त्यांच्यासाठी तो जवळजवळ आयता मिळालेला मजला आहे. तुम्ही म्हणाल आपणही कॉलमसाठी मुरुमापर्यंत सहा-सात फूट जातोच की, खरंय, पण आपण जातो ते कॉलमपुरते चौकोनी खड्डे घेऊन, काम झालं की खड्डे भरून टाकतो, मधली माती जागेवर असते. तळघर म्हणजे ती मधली माती काढून तिच्या जागी भिंती उभ्या करायच्या, आणि त्या भिंतींनी बाहेरच्या काळ्या मातीचा रेटा वर्षानुवर्षं सोसायचा. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तुम्ही शेतकरी आहात, तुमच्या रानात एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते तुम्ही मला सांगायचं. ती माती दरवर्षी भिंत ढकलणार आणि सोडणार. विटांची भिंत तिथे चालतच नाही, आरसीसी घालावी लागते, बाहेरून वॉटरप्रूफिंग, तळाला खड्डा करून पंप, पंपासाठी इन्व्हर्टर, आणि एवढं करून पोत्यांना ओल लागणार ती लागणारच.

आणि सांगलीकडच्या माणसाला मी जमिनीखालच्या साठ्याबद्दल काय सांगू. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरची जमिनीत खणलेली हळदीची पेवं तुम्ही ऐकली-पाहिली असतीलच, तिथली जमीन त्या कामाला मुद्दाम निवडलेली, कडक आणि कोरडी, तरी २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि किती पेवं कायमची गेली. २०१९ ला तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तुमचा प्लॉट नदीपासून लांब असेलही, पण पूर आला की भूजल पण वर येतं, ते रस्त्याने चालत येत नाही, खालून येतं.

एफएसआयचं म्हणाल तर तळघर कशासाठी वापरणार यावर नियम बदलतात, ते आर्किटेक्टला विचारा, ठेकेदाराला नको. पण तुमच्या केसमध्ये तो मुद्दाच नाहीये, प्लॉट २४०० स्क्वेअर फूट आहे, त्यातलं साडेअकराशे खाली बांधलं तरी तुमचं सगळं मावतंय आणि वर अख्खा मजला शिल्लक. जागा वाचवायची गरज ज्याला आहे त्याने तळघर खणावं.

आता सामान. लोक इथेच चुकतात, "अडगळ" हा एकच शब्द वापरतात आणि त्यासाठी एकच मोठी जागा शोधतात. तुमच्या यादीत तीन वेगळी सामानं आहेत. धान्य हे रोज लागणारं, जड आणि ओलीला घाबरणारं. भांडी-आरास-गाद्या वर्षातून एकदोनदा लागणारं आणि हलकं. सायकली म्हणजे खरं तर अर्ध्या विकायच्या आहेत. दहा क्विंटल धान्याला किती जागा लागते माहितीये? तीन फूट व्यासाच्या, चार फूट उंचीच्या पत्र्याच्या दोन कणग्या. बास. एका क्विंटलला साधारण पावणेपाच घनफूट, दहाला सत्तेचाळीस, आणि अशा दोन कणग्यांत छप्पन्न मावतं. जमिनीवर तीन बाय सहाची जागा अडते. तीन बाय सहासाठी तुम्ही १२ बाय १४ चा खड्डा खणायला निघाला होतात. पण वजन एक टन आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे कणग्या खालच्याच मजल्यावर, माळ्यावर नाही.

तर मी असं मांडेन. घर ३० बाय ३८, तीस फुटी बाजू रस्त्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच आणि पुढेमागे मिळून बावीस फूट मोकळे राहतात, तुमच्याकडे कुठल्या बाजूला किती सोडावे लागतात ते आर्किटेक्ट बघेल आणि त्याप्रमाणे हे माप एक-दोन फूट इकडेतिकडे सरकेल, मापं सगळी भिंती धरून आहेत. घराचे पुढून मागे तीन पट्टे करायचे, १४, १० आणि १४ फुटांचे.

पुढच्या पट्ट्यात उत्तरेकडे हॉल १८ बाय १४, नैऋत्येच्या कोपऱ्यात जिना ७ बाय १४, आणि या दोघांच्या मध्ये ५ फुटांची वाट. हॉल आणि वाटेमध्ये भिंत घालू नका, एक कॉलम येईल तो येऊदे. गौरी-गणपतीला हॉल तेवीस फुटांचा होतो. जिना मुद्दाम नैऋत्येला टाकलाय, दुपारी दोन ते सहाचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही त्याच कोपऱ्यावर येतात, आणि जिन्यात कुणी झोपत नाही. त्याची खिडकी मात्र दक्षिणेला घ्या आणि वर दोन फुटी छज्जा काढा.

मधल्या पट्ट्यात उत्तरेला जेवणाची जागा १८ बाय १०, हॉलला लागून उघडीच. तीच पाच फुटी वाट सरळ मागे जाते, आणि तिच्या दक्षिणेला ७ बाय १० चा तुकडा उरतो. त्यात ७ बाय ६ चं बाबांचं बाथरूम-टॉयलेट आणि ७ बाय ४ चं बाहेरच्यांसाठी टॉयलेट.

मागच्या पट्ट्यात उत्तरेला स्वयंपाकघर ११ बाय १४, दक्षिणेला आई-बाबांची खोली १३ बाय १४, आणि या दोघांच्या मध्ये, आता नीट वाचा, ६ बाय १४ ची कोठी. दार स्वयंपाकघरातून, पूर्वेला वर एक झरोक्याएवढी खिडकी जाळी लावून. हीच तुमची तळघराची जागा. कणग्या आत टोकाला, अलीकडे दोन्ही बाजूंना नाही तर एकाच बाजूला कडप्प्याचे कप्पे, दीड फूट खोलीचे, म्हणजे तीन-साडेतीन फूट चालायला राहतात आणि पोतं घेऊन माणूस वळू शकतो. कप्पे दोन्ही बाजूंना केले की कोठीचा बोगदा होतो, आमच्या घरी झालाय, बरणी काढायला आडवं जावं लागतं. स्वयंपाकघराचं सिंक उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर घ्या, कोठीच्या भिंतीत पाण्याचा एकही पाइप नको. हे ठेकेदाराला तोंडी सांगू नका, नकाशावर लिहून घ्या, कारण प्लंबर त्याला जवळ पडेल तिथूनच पाइप नेतो.

बाथरूमबद्दल जास्त लिहिते कारण बाबांचे गुडघे. सगळे आजकाल ॲटॅच मागतात. मी तुम्हाला सांगते दार वाटेत घ्या, खोलीच्या दाराला लागूनच, रात्री बाबांना पाच-सहा पावलं पडतील पण घरातल्या कुणालाही आत जाऊन त्यांना हात देता येईल, खोलीतून ये-जा न करता, आणि पाहुणे असताना आईला अवघडल्यासारखं होणार नाही. दार ३ फुटांचं, बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दाराआड माणूस पडला तर दार उघडत नाही, हे मी एका घरात बघितलंय आणि त्या दिवसापासून माझ्या एकाही नकाशात वयस्क माणसाच्या बाथरूमचं दार आत उघडत नाही. उंबरा नको, अर्ध्या इंचाचा उतार पुरतो. कमोडच्या शेजारची भिंत पक्क्या विटांची हवी म्हणजे आज ना उद्या दांडा ठोकता येतो.

या दोन्ही टॉयलेटच्या वर, जमिनीपासून सात फुटांवर माळा टाका, ७ बाय १० चा सबंध. बाथरूमला दहा फूट उंची कशाला लागते? तिथे तुमची भांडी, आरास, गाद्या. तोंड वाटेच्या बाजूला, म्हणजे शिडी वाटेत लावता येते, हॉलमध्ये नाही. वरच्या मजल्यावरची बाथरूमंही बरोबर याच सात बाय दहाच्या डोक्यावर घ्या, पाइप एका डक्टमधून उतरतील, आणि उद्या गळलं तर गळती बाबांच्या खोलीत किंवा कोठीत न येता बाथरूममध्ये येईल. माळ्यावर मात्र येईल, म्हणून गाद्या प्लास्टिकमध्ये बांधून.

ठेकेदार आता म्हणेल की पाहुण्यांचं टॉयलेट जिन्याखाली घेऊ, जागा वाचेल. नको. हिशोब करून बघा, मजल्याची उंची साडेदहा फूट धरली तर १२६ इंच, सात इंचाची पायरी धरली तर अठरा पायऱ्या, मधला टप्पा नवव्या पायरीवर म्हणजे ६३ इंचावर, त्यातून स्लॅबची जाडी वजा केली की खाली पावणेपाच फूट उरले. पावणेपाच फुटांत उभं राहणारा माणूस तुमच्या घरात फक्त सहावीतला मुलगा असेल, तोही दोन वर्षं. जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवा, चपलांचं कपाट ठेवा. बॅटरीला बंद कपाटात कोंडू नका, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, जाळीचं दार लावा.

जोत्याची उंची हा तुमच्या घराचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. पुराच्या भीतीने लोक तीन-साडेतीन फूट जोतं घेतात. बाबांसाठी उद्या रॅम्प लागला तर एका फुटाला बारा फूट लांबी हा नियम आहे, तीन फुटाला छत्तीस फूट, एवढा रॅम्प तुमच्या प्लॉटमध्ये गाडी लावून उरत नाही. दोन फूट जोतं घेतलंत तर चोवीस फूट, तो उत्तरेच्या पाच फुटी पट्टीतून पुढच्या पडवीवर चढवता येतो, मार्जिनमध्ये त्याला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. २०१९ आणि २०२१ ला तुमच्या प्लॉटवर किंवा शेजारी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, भिंतीवर खूण दाखवतात लोक. पाणी आलंच नसेल तर दोन फूट पुष्कळ झाले, रस्त्याच्या मध्यापासून मोजून, प्लॉटच्या मातीपासून नाही, कारण रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो आणि घरं खाली जातात. कमरेएवढं आलं असेल तर मला परत लिहा, मग हा नकाशाच बदलावा लागेल.

जमिनीखाली एकच गोष्ट करा, पाण्याची टाकी. पुढे पोर्चखाली ६ बाय ६ बाय ५, पाच हजार लिटर बसतं, सहा माणसांना सहा दिवस आरामात. सेप्टिक टँक मागे, लांब. वरचा मजला तुम्ही विचारलेला नाही म्हणून लिहीत नाही, फक्त जिना गच्चीपर्यंत न्या आणि वरच्या जिन्याच्या खोलीला दोन फूट वाढवून घ्या, सायकली तिथे चढवाल आणि मग कुणीच खाली आणणार नाही.

शेवटचं काम, खड्डे खणण्याआधी. एका रविवारी फक्की आणि दोरी घेऊन जा, हा सगळा नकाशा प्लॉटवर खऱ्या मापात आखा, आणि आई-बाबांना खुर्च्या टाकून त्यांच्या "खोलीत" बसवा, संध्याकाळी चारला. मिसेसना "स्वयंपाकघरातून" "कोठीत" जाऊन येऊदेत. कागदावर ६ बाय १४ मोठं वाटतं का लहान ते कुणालाच कळत नाही, फक्कीत कळतं.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर्ड, मुंबई सोडून कुडाळजवळ घर बांधतोय. दोन बेडरूम, सगळं एका मजल्यावर, चिऱ्याचं, वर कौलं. प्लॉट उताराचा आहे, पुढच्या रस्त्यापासून मागे जवळजवळ आठ फूट खाली जातो. आर्किटेक्ट म्हणतात भराव घालून सपाट करू. बेसमेंट करायचं नाही हे आमचं नक्की आहे, मुंबईत बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये २६ जुलैला गाडी बुडालेली आहे. पण चतुर्थीला मुलं-नातवंडं-भावंडं मिळून चौदा-पंधरा जण येतात, ते कुठे झोपवायचे?

उत्तर : तुमचं बेसमेंटचं नक्की आहे ते बरोबर, कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जांभा म्हणजे भोकं-भोकं असलेला दगड, चारी बाजूंनी बंद खड्डा केलात तर विहीरच होईल. पण तुमच्याकडे आठ फूट उतार आहे हो! आठ फूट भराव घालणं म्हणजे पैसे देऊन माती विकत आणायची आणि ती दरवर्षी पावसात थोडी थोडी खचताना बघायची. भरावावर घातलेल्या लाद्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाजायला लागतात.

त्यापेक्षा घर रस्त्याच्या पातळीवर ठेवा आणि मागच्या अर्ध्या भागाखाली जी उंची आपोआप मिळतेय ती खोली म्हणून वापरा. तीन बाजूंनी उजेड-वारा, दार मागच्या अंगणात, एकच भिंत मातीला टेकलेली. हे तळघर नाही. त्या टेकलेल्या भिंतीच्या मागे दगड-खडीचा थर आणि तळाला भोकं पाडलेला पाइप टाकून पाणी बाजूने काढून द्यायचं, आणि वरच्या अंगाला घराला वळसा घालणारा पाट, म्हणजे डोंगराचं पाणी घरापर्यंत येतच नाही. एरवी तिथे नारळ, लाकडं, कपडे वाळवायला दोऱ्या (जून ते सप्टेंबर याच्याइतकी उपयोगी जागा घरात दुसरी नाही), चतुर्थीला सतरंज्या टाकल्या की तरुण मंडळी खाली.

वर मात्र तुम्ही दोघं एकाच पातळीवर, मधे एकही पायरी नको. पंधरा माणसांसाठी तिसरी बेडरूम बांधू नका, वर्षातले साडेतीनशे दिवस ती झाडत बसाल. पुढची पडवी दहा फूट रुंद करा, बंद करू नका, फक्त वाऱ्या-पावसाला चटया नाहीतर सरकत्या झडपा. जुन्या घरांमध्ये पाहुणे पडवीतच झोपायचे, बेडरूम हा शब्द कुणाला माहीत होता. आणि एक टॉयलेट जादा, पडवीतून दार असलेलं. पंधरा माणसांना झोपायला जागा सापडते, सकाळी सहा वाजता रांग लागते तिचं काय करणार?

कौलांखालचा माळा पण टाका, स्वयंपाकघरावर. कोरडा राहतो.

प्रश्न : आम्ही डॅलसच्या उत्तरेला नवीन बांधकाम बुक करतोय, दहा वर्षं मिनेसोटात होतो तिथे भलंमोठं बेसमेंट होतं, इथे कुणाकडेच नाही. बिल्डरचे चार प्लॅन आहेत, त्यातला एक फायनल करायचाय. सासू-सासरे दर वर्षी सहा महिने येतात. टोर्नेडो आला तर जायचं कुठे ही माझी मेन भीती. आणि बेसमेंटमधलं सामान कुठे कोंबायचं?

उत्तर : योगायोग बघा, मिरजेच्या गृहस्थांना जे लिहिलं तेच तुम्हाला लागू. डॅलसचा पट्टा पण काळ्या चिकणमातीचा, आपल्या रेगूरची बहीणच म्हणा, तशीच फुगते आणि आक्रसते. आणि मिनेसोटासारखी खोल जमीन गोठत नाही म्हणून पाया खाली न्यायचं कारण नाही. म्हणून तुमच्याकडे जमिनीवरच जाड स्लॅब ओततात, त्यात केबल घालून त्या ताणतात.

या ताणलेल्या केबलमुळेच तुम्हाला एक गोष्ट आत्ताच ठरवावी लागेल. तो स्लॅब नंतर फोडता येत नाही, म्हणजे फोडतात पण केबल शोधून, जपून, आणि भरपूर पैसे घेऊन. म्हणजे खाली टॉयलेट, सिंक, शॉवर जिथे हवं ते ओतण्याआधी. चारपैकी ज्या प्लॅनमध्ये खालच्या मजल्यावर बेडरूम आणि तिथेच पूर्ण बाथरूम आहे तोच घ्या, बाकीचे तीन कितीही आवडले तरी. "पावडर बाथ"वर (म्हणजे नुसतं कमोड-बेसिन) भागवू नका, सासूबाईंना सहा महिने अंघोळीला जिना चढावा लागेल. बिल्डर टबऐवजी सपाट शॉवर देतो का विचारा, टबची कड ओलांडताना वयस्क माणसं पडतात. जमलं तर त्या बाथरूममध्ये जेट स्प्रेसाठी पाण्याचा पॉइंट, तो आत्ता फुकटासारखा पडतो.

टोर्नेडोसाठी नियम सोपा आहे, सगळ्यात खालचा मजला, मधोमध, खिडकी नसलेली लहान खोली. तुमच्या प्लॅनवर पेन्सिल घेऊन बसा आणि अशी जागा शोधा, बहुतेक वेळा जिन्याखालचं क्लोजेट किंवा पॅन्ट्री असते. ज्या प्लॅनमध्ये अशी जागा बाहेरच्या भिंतीला लागून आहे तो मागे टाका. त्यात सहा माणसं बसू शकतात का, सासरे पटकन पोचू शकतात का, हे बघा. आणि मग ते क्लोजेट सामानाने भरू नका! हेच होतं सगळ्यांचं, सुरक्षित जागा म्हणून ठेवतात आणि दिवाळीनंतर त्यात कंदील, व्हॅक्यूम, सूटकेस. परवडत असेल तर गॅरेजच्या जमिनीत बोल्ट केलेली स्टीलची सेफ रूम मिळते, तीही स्लॅबच्या केबल सांभाळूनच बसवावी लागते म्हणून ओतण्याआधीच जागा सांगा.

सामानाचं म्हणाल तर गॅरेज आणि ॲटिक दोन्ही उन्हाळ्यात भट्टी होतात. लोणची, मसाले, डाळी, फोटो, देवाची चित्रं तिथे नकोत. सूटकेस, ख्रिसमस ट्री, कॅम्पिंगचं सामान चालेल. पॅन्ट्री मोठी करून मिळत असेल तर फॅमिली रूममधले दोन फूट द्या, आनंदाने द्या. बऱ्याच ठिकाणी पाण्याचा हीटर ॲटिकमध्ये ठेवतात, तुमचा तिथे असेल तर तो कुठल्या खोलीच्या डोक्यावर आहे ते विचारा, तो कधीतरी गळणारच असतो, खाली ट्रे आणि बाहेर जाणारा पाइप आहे का बघा. आणि चिमणी घरातच हवा फिरवणारी नको, बाहेर सोडणारी हवी, फोडणीचा वास कार्पेटमधून पाच वर्षं जात नाही, घर विकताना कळतं.

उन्हाळ्यात पायाच्या कडेने ठिबकच्या पाइपने पाणी घालताना शेजारी दिसतील, हसू नका. माती एकसारखी ओलसर राहावी म्हणून घालतात, नाहीतर ती आक्रसून स्लॅबची कड सोडते आणि भिंतीला भेगा जातात.

प्रश्न : वास्तूच्या हिशोबाने नैऋत्येला मास्टर बेडरूम हवी, आर्किटेक्ट तिथे टॉयलेट दाखवतोय. घरात भांडणं चाललीयत. तुमचं मत?

उत्तर : माझं मत विचाराल तर नैऋत्येची खोली दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता बाहेर टाकते, एप्रिल-मेमध्ये तिथे झोपणाऱ्याला विचारा. पण घरातल्या मोठ्यांना त्या खोलीत झोपून शांत झोप लागणार असेल आणि टॉयलेटमुळे दहा वर्षं टोमणे ऐकावे लागणार असतील तर टॉयलेट हलवा. खोलीच्या पश्चिम भिंतीला आतून पूर्ण लांबीचं कपाट करा, दोन फूट खोल. ऊन कपड्यांना लागेल, माणसांना नाही, आणि तुमचं सामानही मावेल. खिडकी दक्षिणेला, पश्चिमेला घेऊच नका. आर्किटेक्टला सांगताना मी सांगितलं म्हणून सांगू नका.